तीस दिवसांतून एकदा

मी बी.कॉम. आहे. ही फुशारकी नव्हे, कबुलीजबाब आहे. बी.कॉम. झालेल्या माणसाला कुठलीही गोष्ट दिसली की पहिला प्रश्न पडतो, ही जमेला धरायची की नावे टाकायची? लग्न, मुलं, स्कूटर, सासुरवाडीहून आलेलं लाकडी कपाट, सगळ्यांचा हिशेब मी मनातल्या मनात कधीच बसवून टाकलेला आहे. (कपाट कुठल्या बाजूला आहे ते इथं सांगत नाही. माझं लिखाण घरी वाचलं जातं.) पण पुस्तक ही चीज मात्र अजून मला कुठल्याच बाजूला नीट लिहिता आलेली नाही. आणि ही अडचण माझ्या लक्षात आणून दिली ती, ज्यातलं एक अक्षर मला वाचता येत नाही, अशा जुन्या हिब्रू पुस्तकांनी.

हिब्रू आणि मी! तुम्हाला खरं वाटणार नाही. मलाही वाटत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

आमच्या शाखेत लॉकरचं काम माझ्याकडे आहे. काम म्हणजे काय, तर माणूस आला की त्याची सही घ्यायची, आत जाऊन आपली किल्ली लावायची, त्याची किल्ली लागली की आपण बाहेर यायचं, आणि आत तो काय करतोय याचा विचार करायचा नाही. पहिल्या तीन गोष्टी मला उत्तम जमतात.

लग्नसराईत बायका येतात त्या दागिने न्यायला, आणि लग्न झालं की येतात ते परत ठेवायला, हे समजू शकतं. पण एक निवृत्त शिक्षक दर महिन्याला न चुकता येतात. हातात कापडी पिशवी. आत जाताना रिकामी, बाहेर येताना रिकामी. दहा-पंधरा मिनिटं थांबतात आणि जातात. आडनाव रायगडातल्या एका गावावरून पडलेलं, शेवटी आपलं नेहमीचं ‘कर’. पण स्वतःचं आणि वडिलांचं नाव थेट बायबलातलं. म्हणजे बेने इस्राएल. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, ते. घरची भाषा मराठी, आणि तीही माझ्यापेक्षा शुद्ध. मी एकदा पावतीवर ‘मिळाली’ ऱ्हस्व लिहिलं तर सरांनी पावती परत दिली होती.

एके दिवशी आतून हाक आली, “अहो, जरा पंखा बंद करता का? पानं उडताहेत.”

आत गेलो. टेबलावर एक जाडजूड पुस्तक उघडं होतं. कातड्याची बांधणी, कडा उंदरांनी कुरतडल्यासारख्या, पहिली काही पानं गायब. मधे मोठ्या अक्षरांत चार ओळी आणि भोवती बारीक अक्षरांचा वेढा. सर एकेक पान बोटानं अलगद उचलत होते आणि उलटत होते.

“सर, हे काय?”

“पुस्तक,” सर म्हणाले. आयुष्यभर शिकवल्यामुळे प्रश्नाइतकंच उत्तर द्यायची त्यांना सवय आहे.

“वाचताय?”

“छे हो! प्रार्थनेपुरती अक्षरं लागतात मला. पण ही अक्षरं वेगळी. ही राशीची.”

मी मेष-वृषभ-मिथुन असा मनात एकदा फिरून आलो. सरांनी ओळखलं असावं. राशी म्हणजे रब्बी श्लोमो यित्झाकी या नावाचं लघुरूप. १०४० ते ११०५ या काळात फ्रान्समधल्या त्र्वा गावी होऊन गेलेला मोठा भाष्यकार. आपल्याकडे सूत्रावर भाष्य, भाष्यावर टीका आणि टीकेवर टिप्पणी असा जो गोतावळा असतो तोच ज्यू धर्मशास्त्रातही आहे, आणि राशी हा त्यांतला असा की त्याच्याशिवाय मूळ ग्रंथ उघडायची कुणाची छाती होत नाही. गंमत म्हणजे ‘राशीची लिपी’ म्हणतात त्या लिपीत राशीनं स्वतः एक ओळ लिहिलेली नाही. १४७५ साली इटलीतल्या रेज्जो दि कालाब्रिया इथं अब्राहाम बेन गार्तोन नावाच्या मुद्रकानं राशीचं भाष्य छापलं, ते स्पेनकडच्या ज्यूंच्या वळणदार हस्ताक्षरावरून केलेल्या टाइपात. छापील तारीख असलेलं ते पहिलं हिब्रू पुस्तक. टाइपाला नाव भाष्यकाराचं पडलं आणि बेन गार्तोन विसरला गेला. काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, ही पद्धत फक्त आमच्या बँकेत आहे असा माझा समज होता.

“मग वाचता येत नाही तर उलटता कशाला?”

“नियम आहे,” सर म्हणाले.

नियम असा. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेला ‘मिश्ना’ नावाचा ग्रंथ आहे. त्यात सापडलेल्या वस्तूंचं काय करावं याचे कायदे आहेत. कुणाचे ग्रंथ सापडले, तर मूळ मालक येईपर्यंत सापडणाऱ्यानं ते तीस दिवसांतून एकदा वाचावेत. वाचता येत नसेल तर निदान उलगडून पुन्हा गुंडाळावेत. तेव्हा गुंडाळ्या असत. नुसतं ठेवून दिलं तर हवा न लागून खराब होतील, आणि मालकाला काय तोंड दाखवणार? मात्र त्यांतून काही नवं शिकायला बसायचं नाही, आणि आणखी एकाला शेजारी घेऊन वाचायचं नाही. ओढाताणीत ग्रंथ फाटायचा.

मी बँकेतला माणूस. ठेव सांभाळण्याचे नियम हा माझा विषय. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ सालच्या नियमांप्रमाणे लॉकर सात वर्षं उघडला गेला नाही आणि मालकाचा पत्ता लागत नसेल, तर बँक तो उघडून आतला ऐवज वारसाकडे देऊ शकते. सात वर्षं! आणि इथं अठराशे वर्षांपूर्वीचे कायदेपंडित तीस दिवसांवर अडून बसलेले. आमचा कायदा लॉकरची काळजी करतो आणि यांचा आतल्या ऐवजाची, हा फरक मला तिथंच उभ्याउभ्या बोचला.

“पण सर, हा नियम सापडलेल्या पुस्तकांचा. हे तर तुमचं आहे.”

“माझं कुठलं? आजोबा गेल्यावर त्यांच्या पेटीत सापडलं,” सर म्हणाले. “त्यांनाही कुणीतरी दिलेलं. कोचीनकडून आमच्यात शिकवायला येत असत, त्यांच्यापैकी कुणाचं असेल. मालक काही अजून आलेला नाही.”

त्यांनी शेवटचं पान उलटलं, पुस्तक मिटलं आणि मला म्हणाले, “आता पंखा लावलात तरी चालेल.”

त्या दिवसापासून मला नाद लागला. असली पुस्तकं जमवण्याचा नव्हे. क्लार्कच्या पगारात त्यांचं एक पानही येत नाही. जमवणाऱ्यांबद्दल वाचण्याचा. आणि जसजसं वाचत गेलो तसतसा जमा-नावेचा घोळ वाढत गेला.

पहिली गोष्ट ही की ही पुस्तकं मुळातच थोडी. छपाईच्या बाल्यावस्थेतली, म्हणजे १५०० सालापर्यंतची हिब्रू पुस्तकं आज माहीत आहेत ती सुमारे १४०. प्रती नव्हेत, आवृत्त्या. त्यांतल्या काहींची जगात एकेकच प्रत उरलीय. बेन गार्तोनच्या त्या राशीचीही एकच, इटलीत पार्माच्या ग्रंथालयात.

मग आला डॅनियल बोंबर्ग. नावात बोंब असली तरी माणूस कामाचा. अँटवर्पचा ख्रिश्चन, व्हेनिसमध्ये छापखाना थाटून बसला आणि त्यानं १५२० ते १५२३ या काळात संपूर्ण बाबिलोनी तालमूद प्रथम छापलं. तालमूद म्हणजे मिश्नावरच्या शेकडो वर्षांच्या वादविवादांचं इतिवृत्त. वाद घालणाऱ्यांची मतं जुळली नाहीत तरी दोन्ही मतं लिहून ठेवायची, असा प्रकार. (सोसायटीच्या मीटिंगची इतिवृत्तं अशी लिहिली तर दर वर्षी एक तालमूद निघेल, पण वाचणार कोण?) बोंबर्गनं मधे मूळ मजकूर, एका कडेला राशी, दुसऱ्या कडेला नंतरचे भाष्यकार अशी मांडणी केली आणि पानांना क्रमांक दिले. तेच क्रमांक आजतागायत चालतात. १९२३ साली ल्युब्लिनच्या रब्बी मेइर शापिरोंच्या सूचनेवरून रोज एक पान वाचण्याची प्रथा पडली. २,७११ पानं, साडेसात वर्षांत एक आवर्तन. न्यूयॉर्कचा माणूस आणि जेरुसलेमचा माणूस एकाच दिवशी एकाच क्रमांकाचं पान उघडतात, आणि तो क्रमांक बोंबर्गचा. आमच्याकडे संगणक बदलला की खातेक्रमांक बदलतात आणि खातेदार माझ्या टेबलाशी येऊन रडतात. पाचशे वर्षं टिकलेला फोलिओ नंबर! या माणसाचा फोटो मिळाला तर मी देव्हाऱ्यात लावीन. फक्त प्रत्येक खंड पान दोनपासून सुरू होतो. नामपत्र एक म्हणून मोजलं गेलंय.

एवढा चांगला चाललेला धंदा बिघडला तो दोन छापखानेवाल्यांच्या भांडणात. १५५० मध्ये पादुआच्या रब्बी मेइरनी मायमोनिदीसचा धर्मशास्त्रग्रंथ आपल्या टिपांसह व्हेनिसच्या ब्रागादिन छापखान्यातून काढला. शेजारच्या जुस्तिनियानीनं लगोलग तोच ग्रंथ काढला, स्वस्तात. प्रकरण पोलंडमध्ये क्राकोच्या रब्बी इसरलेस यांच्यापर्यंत गेलं. त्यांनी निवाडा दिला, मेइर यांची आवृत्ती संपेपर्यंत दुसरी कुणी विकत घेऊ नये. दोन्ही मुद्रक ख्रिश्चन आणि दोघेही उमरावघराण्यांतले. चिडून दोघांनी रोमला एकमेकांच्या पुस्तकांविरुद्ध कागाळ्या केल्या, की यात आपल्या धर्माविरुद्ध मजकूर आहे. धर्माधिकाऱ्यांनी दोघांचंही ऐकलं. ९ सप्टेंबर १५५३ रोजी, ज्यूंच्या नववर्षाच्या दिवशी, रोमच्या कांपो देई फ्योरी या चौकात तालमूदच्या प्रतींचा ढीग रचून जाळला. पुढल्या महिन्यात व्हेनिसला तेच झालं. गल्ल्यासाठी भांडणाऱ्या दोघांना एवढं व्हावं असं वाटत नसणार. भांडणाऱ्यांना कधीच वाटत नसतं.

जे जळलं नाही त्यावर तपासनीस बसले. हिब्रू वाचता येणारे तपासनीस हवेत म्हणून पुष्कळदा धर्मांतरित ज्यूच नेमत. ते आक्षेपार्ह ओळींवर शाई फासत आणि शेवटच्या पानावर सही-तारीख टाकत. अगदी आमच्या ऑडिटसारखं. आता तीन-चारशे वर्षांत फासलेली शाई पुष्कळ ठिकाणी फिकी पडलीय आणि खालची छापील अक्षरं पुन्हा वर आलीयत. तपासनिसाची सही मात्र शाबूत, आणि तिच्यावरून संग्राहक पुस्तकाचा प्रवास शोधतात.

आता मुख्य मुद्दा. बोंबर्गच्या तालमूदचे पूर्ण संच जगात मोजकेच राहिले. काही जळले हे खरं. पण बाकीचे वाचकांनी संपवले. रात्री मेणबत्तीखाली वाचायचं, मेण सांडायचं, बोट ओलं करून पान उलटायचं, बाप वाचणार, मुलगा वाचणार, नातू फाडणार. जीर्ण झालेला ग्रंथ ज्यू लोक रद्दीत घालत नाहीत, माणसासारखा दफन करतात. आपण पोथी नदीत सोडतो तसं. आणि जो संच सर्वांत देखणा, कोरा करकरीत म्हणून नावाजला गेला, तो सापडला कुठं? लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत! ख्रिस्ती धर्मपीठाच्या कपाटात शतकानुशतकं तो निर्धास्त पडून होता. कारण तिथं तो कुणी वाचत नव्हतं.

म्हणजे जे वाचलं ते वाचलं नाही, आणि जे वाचलं नाही तेच वाचलं.

हे वाक्य सुचलं तेव्हा मी शाखेत होतो आणि समोरच्या बाईंना चुकून पाचशेची एक नोट जास्त देणार होतो. मराठीत पुस्तक वाचणं आणि जीव वाचणं यांना एकच शब्द का असावा? हा योगायोग की कुणी पूर्वजानं करून ठेवलेली थट्टा?

त्या ॲबेतल्या संचाची पुढली गोष्ट अशी. जॅक लुंझर नावाचे लंडनचे औद्योगिक हिऱ्यांचे व्यापारी होते. १९५६ मध्ये, इंग्लंडात ज्यूंना पुन्हा प्रवेश मिळाल्याला तीनशे वर्षं झाली म्हणून प्रदर्शन भरलं होतं, तिथं काचेआड त्यांनी या तालमूदचे खंड पाहिले. झालं. पुढची सुमारे पंचवीस वर्षं ते ॲबेच्या मागे लागले. ॲबे दाद देईना. अखेर ॲबेच्या मूळ सनदेची सुमारे नऊशे वर्षं जुनी प्रत विकली गेल्याची बातमी त्यांच्या वाचनात आली. त्यांनी ती प्रत मिळवली, ॲबेला नजर केली, आणि १९८० मध्ये तालमूद घरी आणलं. माल देऊन माल घेतला, मधे नोट नाही. पुढं त्यांचा संग्रह तेरा हजारांवर गेला. तो तालमूदचा संच डिसेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ९३ लाख डॉलरला गेला. २०१६ मध्ये लुंझर वारले, आणि २०१७ मध्ये संग्रहाचा बहुतांश भाग इस्राएलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे गेला.

मला त्या ९३ लाखांचा हेवा वाटला नाही. एवढी रक्कम मी दुसऱ्याच्या खात्यात रोज बघतो. हेवा वाटला तो त्या पंचवीस वर्षांचा. एका गोष्टीची इतकी वर्षं वाट बघावी असं मला आयुष्यात बढतीखेरीज काही भेटलेलं नाही.

पण सगळ्यांत मला जवळचा वाटला तो दाविद ओपेनहाइम. १६६४ ते १७३६. प्रागचा मुख्य रब्बी. हजारो छापील हिब्रू पुस्तकं आणि शेकडो हस्तलिखितं जमवली. हौस इतकी की काही पुस्तकांच्या प्रती स्वतःसाठी निळ्या कागदावर आणि चामड्यावर छापून घ्यायचा. पण प्रागला तपासनिसांची धाड यायची भीती, म्हणून सगळं ग्रंथालय ठेवलं हॅनोव्हरला, सासऱ्यांकडे! म्हणजे माणूस प्रागमध्ये, पुस्तकं हॅनोव्हरमध्ये, आणि मधे शेकडो मैल घोडागाडीचा रस्ता. तीस दिवसांतून एकदा पान उलटायचं म्हटलं तरी जाण्यायेण्यात महिना जायचा. तो गेल्यावर वारसांनी संग्रह गहाण टाकला, पेट्या हांबुर्गात पडून राहिल्या. मोझेस मेंडेल्सोननं ज्याची किंमत पन्नास ते साठ हजार थालर केली होती तो संग्रह १८२९ मध्ये ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयानं नऊ हजारांत उचलला. आज जगभरचे विद्वान तिथं जाऊन ती पुस्तकं वाचतात. मालकाला पाहिजे तेव्हा वाचायला मिळाली नाहीत, ती परक्यांना मिळाली. हे ओपेनहाइमच्या खात्यात जमा लिहायचं की नावे?

मुंबईचं एक उदाहरण देतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा परदेशातलीच नावं फेकतो. ज्यांच्या घराण्याच्या नावानं काळ्या घोड्यापाशी ग्रंथालय आहे त्या ससूनांपैकी डेव्हिड सॉलोमन ससून हे १८८० मध्ये मुंबईत जन्मले आणि हिब्रू हस्तलिखितांचे मोठे संग्राहक झाले. १९२९ मध्ये त्यांनी एक हस्तलिखित बायबल ३५० पौंडांना घेतलं. १९७८ मध्ये ते विकत घेतलं कुणी, तर ब्रिटिश रेल्वेच्या पेन्शन फंडानं! कुठल्याशा सिग्नलमनच्या म्हातारपणाची सोय हिब्रू बायबलात गुंतवलेली. २०२३ मध्ये ते ३ कोटी ८१ लाख डॉलरला गेलं. मी रात्री जागून गणित केलं. १९२९ च्या दरानं पौंडाचे डॉलर केले तर चौऱ्याण्णव वर्षं सुमारे अकरा टक्के चक्रवाढ व्याज. आमची कुठलीही मुदतठेव याच्यापुढं मान खाली घालील. सौ.ला उठवून सांगितलं. ती म्हणाली, “मग तुमचं ते मोल्सवर्थ किती टक्के देतं?” आणि कूस बदलून झोपली.

इथं मला थोडं घरचं सांगावं लागणार. टाळत होतो.

आमचे अण्णा पेणच्या बाजूला प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी फूटपाथवर, रद्दीवाल्यांकडे हिंडून जुनी मराठी पुस्तकं जमवली. त्यांत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती. तिच्या समासात अण्णांनी पेन्सिलीनं शब्द टिपलेले आहेत. आगरी, कोळी, मिठागरावरचे, घाण्यावरचे, जे मोल्सवर्थसाहेबाच्या कानावर पडले नव्हते ते. जाताना अण्णांनी पुस्तकं मला दिली. “ह्याच्याकडे टिकतील,” म्हणाले. धाकट्याला दिली नाहीत, कारण धाकटा पुस्तक जो मागेल त्याला देतो. अण्णांचीच चार पुस्तकं त्यानं कॉलेजात असताना वाटून टाकली होती. धाकटा तेव्हा काही बोलला नाही. नंतरही फारसा बोलला नाही. दिवाळीला येतो, फराळ करतो, कपाटाकडे पाठ करून बसतो.

अण्णांचा हिशेब चुकला नाही. माझ्याकडे पुस्तकं टिकली. काचेचं कपाट, कुलूप, डांबराच्या गोळ्या. मीही उघडत नाही. उघडलं की धूळ जाते.

दोन वर्षांपूर्वी धाकट्याच्या मुलीचा फोन आला. मराठी घेऊन एम.ए. करते. “काका, आजोबांचं मोल्सवर्थ थोडे दिवस द्याल? मला त्यांनी समासात लिहिलेले शब्द उतरवायचेत.” मी म्हणालो, “अगं, बाइंडिंगला दिलंय.” तोंडातून कसं निघालं कळलं नाही. मी कपाटासमोरच उभा होतो. मोल्सवर्थ काचेतून माझ्याकडे बघत होतं. तेव्हापासून ते बाइंडिंगलाच आहे. सौ. अधूनमधून विचारते, “बाइंडर हयात आहे ना?”

आता मी माझा बचाव मिश्नातून करून पाहिला. नवं शिकायला बसू नये, दोघांनी मिळून वाचू नये, असं तिथं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण या लोकांच्या ग्रंथांत एक मोठं दुखणं आहे. एक पान तुमच्या बाजूचं निघालं की पुढचं विरुद्ध निघतं. तालमूदातच चर्चा आहे की घरात संपत्तीही राहते आणि पुण्यही कायम टिकतं, असा माणूस कोण? एकाचं उत्तर असं की जो धर्मग्रंथ लिहून घेतो आणि लोकांना उसने देतो तो. वा! मुद्दल घरात आणि पुण्य खात्यावर. कर्जखात्यात एवढी वर्षं काढून अशी योजना मला सुचली नव्हती. बाराव्या शतकातला यहूदा इब्न तिबोन हा तर माझा गुरूच शोभावा. मुलासाठी लिहिलेल्या मृत्युपत्रात तो सांगतो, पुस्तकांवरून ठरावीक महिन्यांनी नजर फिरव. ज्याला विकत घेणं परवडत नाही आणि जो परत करील त्याला नाही म्हणू नकोस. पुस्तक घराबाहेर जाण्याआधी वहीत नोंद कर, परत आलं की खोड. आणि वर्षातून दोनदा, दोन मोठ्या सणांना, बाहेरची सगळी पुस्तकं परत मागव. हे आमचं सहामाही क्लोजिंग! फक्त आमच्यात कर्जदार एवढ्या नेमानं बोलावले जात नाहीत.

आणि मग ते जर्मनीतलं ‘सेफेर हसिदीम’. मध्ययुगातला आचारग्रंथ. त्यात लिहिलंय की बापाला दोन मुलगे असतील, एक पुस्तकं उसनी देणारा आणि एक न देणारा, तर पुस्तकं देणाऱ्याला ठेवावीत, तो धाकटा असला तरी.

तो धाकटा असला तरी! आठ-नऊशे वर्षांपूर्वी ऱ्हाइन-डॅन्यूबकडच्या कुण्या रब्बीला आमच्या घरातली भानगड कुणी कळवली होती?

पुढच्या महिन्यात सर आले तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगून टाकलं. लॉकरच्या खोलीत माणसं खरं बोलतात, जाड भिंतीमुळे असेल. मला वाटलं, सर शिक्षकी बाण्यानं चार शब्द सुनावतील. त्यांनी फक्त विचारलं, “तुम्हाला कुठं सापडलं म्हणालात?”

“सापडलं नाही हो, अण्णांनी दिलं.”

“हां हां,” असं म्हणून सर पानं उलटू लागले.

त्या रविवारी मी कपाट उघडलं. कुलपाला तेल घालावं लागलं. मोल्सवर्थ काढलं तर मधल्या पानांत कसर लागलेली. डांबराच्या गोळ्या कधीच उडून गेल्या होत्या, मी त्यांच्या भरवशावर होतो. समासातले अण्णांचे दोन-तीन शब्द किड्यानं अर्धे खाल्ले होते. आधी काय होते ते मला सांगता येईना. जगात दुसऱ्या कुणाला येणंही शक्य नव्हतं.

पुतणीला फोन केला, बाइंडिंग झालंय म्हणून सांगितलं. ती आली. मी कोरी वही काढली, पहिल्या पानावर पुस्तकाचं नाव, तारीख, मुदत तीस दिवस असं लिहिलं आणि तिची सही घेतली. सौ. दारातून बघत होती, तिनं काही टाकून बोलणं टाळलं, त्यावरून मी परिस्थितीचं गांभीर्य ओळखलं. पुतणीनं तिथंच पान उघडून दाखवलं. “काका, हे बघा, पुस्तक ‘वाचणें’ वेगळा आणि जीव ‘वांचणें’ वेगळा. दुसऱ्यात अनुस्वार आहे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तो गेला.” म्हणजे पूर्वजांनी थट्टा केलीच नव्हती. त्यांच्यापाशी दोन खाती होती. आपण ती एक केली.

आज सव्विसावा दिवस. या सव्वीस दिवसांत मी चार वेळा स्वप्नात मोल्सवर्थवर चहा सांडलेला पाहिला. काल रात्री फोन वाजला. पुतणी असेल म्हणून उचलला तर धाकटा होता. एरवी तो मला फोन करत नाही.

“दादा, अण्णांनी इथं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय रे, अर्धं कसरीनं खाल्लंय. ‘घा’ आहे, मग पुढं लागत नाही. आपल्या मागच्या आळीत ते तेलाचं लाकडी असायचं, त्याला काय म्हणायचे?”

मला आठवेना. त्यालाही आठवेना. अर्धा तास आम्ही दोघं ‘घा’पासून सुरू होणारे शब्द म्हणत बसलो. शेवटी मी म्हणालो, थांब, आमच्या शाखेत एक सर येतात, त्यांच्या पणजोबांचा घाणाच होता, त्यांना विचारतो. पण ते येणार पुढल्या महिन्यात.

फोन ठेवला आणि वही काढली. तीस दिवसांवर काट मारून साठ केले. खाडाखोड झाली की शेजारी पूर्ण सही लागते, आमच्याकडे तसा नियम आहे. केली.